खापरपणजोबांची मोजणीची वही : सर्व्हेतल्या आपल्या माणसांचा माग कुठं लागेल?

कोयनाकन्या
नमस्कार मंडळी. लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

मी साताऱ्यात राहते, शाळेतून निवृत्त झाले. माहेर खटाव तालुक्यातलं. गेल्या दिवाळीत माहेरचा जुना वाडा उतरवायला काढला, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत एक वही सापडली. लांबट, वरच्या बाजूनं शिवलेली, वरती शके १७८१, म्हणजे इसवी सन १८५९-६०. आत सगळी मोडी आणि आकडे. आजोबा सांगायचे की त्यांचे आजोबा 'साहेबाच्या सर्व्हेत' कारकून होते, गावोगाव तंबूतून राहायचे, घरी वर्षातून एकदा. यापलीकडं घरात कुणालाच काही माहीत नाही. काकांचं तर ठाम मत, की ही सावकारीची वही आहे, कारण पानोपानी रुपये-आणे मांडलेत. मला ते पटत नाही. आकड्यांच्या मध्येमध्ये वेड्यावाकड्या चौकटी काढल्यात, रेघांवर बारीक बारीक खुणा आहेत. सावकार कशाला चित्रं काढील?

इंग्रज सर्वेक्षकांबद्दल हवं तेवढं वाचायला मिळतं. लॅम्ब्टन, एव्हरेस्ट, मॅकेन्झी यांचे जन्म, आजार, भांडणं, सगळं छापलेलं आहे. पण त्यांच्या हाताखाली ज्या माणसांनी आपलं एकेक शेत पायी मोजलं, त्यांचा माग कुठं लागतो? कुणी असा शोध घेतलाय का? कुठल्या कचेरीत, कुठल्या कागदात पाहायचं?

सातारी_कंदी
ताई, धागा एकदम आवडला. वाचतोय. वहीचा एक फोटो टाका की!

रानवाट
डोंगरावर फिरताना कातळात कोरलेलं वर्तुळ आणि मधोमध टिंब असं बऱ्याचदा पाहिलंय. कुठं दगडावर बाण आणि त्यावर आडवी रेघ असते. गावकरी सांगतात, खजिन्याची खूण आहे. एका डोंगरावर तर त्या नादानं कुणीतरी दगडच उखडून टाकलाय.

दप्तरवेडा
@रानवाट, वर्तुळातलं टिंब ही त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या ठाण्याची खूण. त्या टिंबाच्या बरोबर वर थिओडोलाइट मांडायचा आणि लांबच्या दुसऱ्या डोंगरावरच्या ठाण्याशी होणारा कोन मोजायचा. बाण असतो तो समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा दगड, बेंचमार्क. पुष्कळ ठिकाणी पहिली खूण उखडली गेली तरी बरोबर तिच्याखाली जमिनीत दुसरी पुरलेली असायची. म्हणजे खजिना होता म्हणायचा, फक्त टिंबाचा! असा दगड दिसला तर हलवू नका. फोटो काढा आणि जागा टिपून ठेवा.

@कोयनाकन्या, तुमच्या प्रश्नाआधी एक गुंता सोडवायला हवा, कारण इथं भलेभले चुकतात. 'सर्व्हे' म्हणजे एकच खातं नव्हतं. एक ते त्रिकोणांचं. लॅम्ब्टननं १८०२ मध्ये मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा शंभर फुटी पोलादी साखळीनं मोजली, तिथून सुरू झालं आणि हिमालयापर्यंत गेलं. दुसरं नकाशे काढणाऱ्यांचं, डोंगर-नद्या-रस्ते टिपणारं. तिसरं महसुली, शेतं मोजून सारा ठरवणारं. आपल्या मुंबई इलाख्यात या तिसऱ्याची घडी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापुरात बसवली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात त्याचे नियम पक्के झाले. सातारचं राज्य १८४९ ला खालसा झाल्यावर ती पद्धत आपल्याकडं आली. वहीवर १८५९ असेल तर तुमचे खापरपणजोबा बहुधा या तिसऱ्या खात्यातले. त्यांना डेहराडूनच्या, म्हणजे त्रिकोणांच्या सर्व्हेच्या, कागदांत शोधू नका.

मोडीप्रेमी
फोटो टाका, वाचून देतो. एकच विनंती : पान सपाट करण्यासाठी इस्त्री-बिस्त्री फिरवू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. सावलीत, दिवसाच्या उजेडात, वरून सरळ फोटो.

कोयनाकन्या
टाकलाय, चौथं पान. मला जमलं तेवढं सांगते. प्रत्येक ठिकाणी आकड्यांची जोडी आहे. ७ आणि ९. ३ आणि १४. ११ आणि २. दुसरा आकडा अख्ख्या वहीत १५ च्या वर गेलेला नाही, म्हणून काका म्हणतात आणे.

निवृत्त_मोजणीदार
ताई, नमस्कार. मी भूकरमापक म्हणून चौतीस वर्षं नोकरी केली, निम्मी कराड-पाटण भागात. तुमचा फोटो बघितला आणि जेवण तसंच ठेवून लिहायला बसलो.

हे आणेच आहेत, पण पैशाचे न्हवेत. साखळीचे आहेत!

आपल्याकडची मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची. तिचे १६ भाग, एकेका भागाला आणा म्हणायचं. एक आणा म्हणजे दोन फुटांहून वाईच जास्त. तुमचं '७ आणि ९' म्हणजे ७ साखळ्या ९ आणे, सुमारे अडीचशे फूट. सोळावा आणा आला की साखळी पूर्ण झाली, म्हणून १५ च्या वर आकडा जायचा प्रश्नच नाही. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो एक गुंठा, ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आज प्लॉटवाला गुंठ्याचा भाव सांगतो, तो त्याच साखळीचा.

आणि त्या वेड्यावाकड्या चौकटी म्हणजे टिपणं आहेत. टिपण प्रमाणात काढत नसत. बांधावर उभं राहून हातानं आकार काढायचा, मधून एक शिधी रेघ टाकायची आणि शेताचा प्रत्येक कोपरा त्या रेघेला काटकोनात कुठं मिळतो ते साखळी-आण्यात लिहायचं. पुढं त्याचे त्रिकोण-चौकोन पाडून गुणाकार बुकात क्षेत्र काढायचं. तुमच्या काकांना सांगा, तुमच्या घरचा माणूस सावकार नव्हता, मोजणीदार होता.

कोयनाकन्या
अण्णा, काय लिहू! डोळ्यांत पाणी आलं. काकांना फोन केला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे आम्ही उगाच साठ वर्षं त्यांना चिक्कू म्हणत होतो."

सातारी_कंदी
सोळा आणे खरी बातमी!

हळदीची_पेठ
वाचून बरं वाटलं आणि पोटात तुटलंही. आमच्या सांगलीतल्या घरात आजोबांच्या वडलांचे असेच कागद होते, नकाशे काढायच्या जाड कागदाची गुंडाळी होती. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या गल्लीत पहिला मजला बुडाला. कागद वर न्यायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही, माणसं आणि गॅसच्या टाक्या वर नेल्या. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर नुसता चिखलाचा गोळा. ताई, हात जोडून सांगते, आज रात्रीच सगळ्या पानांचे फोटो काढा आणि दोन-तीन ठिकाणी ठेवा.

कोयनाकन्या
काढले, बहात्तर पानं. मुलाकडं पुण्याला आणि भाचीकडं पाठवून दिलेत. तुमच्या कागदांबद्दल फार वाईट वाटलं.

माणदेशी
सगळं खरं, पण जरा दुसऱ्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. ही मोजणी काय आपल्या भल्यासाठी झाली का? सारा वसूल करायला झाली. आमच्या माणदेशात पाऊस न्हाई, माती हातभर न्हाई, आणि साहेबाच्या माणसानं येऊन आकार लावला. नंतर फेरमोजणीत दर चढले. १८७५ ला पुण्याकडच्या सुप्यात दंगा झाला, सावकारांच्या वह्या-खती जाळल्या, तो उगा का? मग या कारकुनांचं कौतुक कशापायी?

दप्तरवेडा
@माणदेशी, राग कसला, हे बोलायलाच हवं. सारा हाच हेतू होता, यात वाद नाही. विंगेटच्या आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे भागात मोजणी केली होती. मालाच्या किमतीतून लागवडीचा खर्च वजा करून कागदावर सारा काढला आणि तो इतका चढा बसला की इंदापुरात माणसं शेतं टाकून गेली. त्या फसलेल्या मोजणीचं खापर मोठ्या प्रमाणात देशी कारकुनांच्या लाचखोरीवर फोडलं गेलं. लाच घेतलीही असेल काहींनी. पण मूळ हिशेब कुणाचा होता, हे विसरून कसं चालेल? गोल्डस्मिड-विंगेटनी दर उतरवले, तीस वर्षं बांधून दिले, पडीक जमीन पुन्हा लागवडीला आली. पुढच्या फेरआकारणीत दर चढले, कापसाचे भाव पडले, सावकारी वाढली आणि १८७५ उजाडलं. त्या दंग्यानंतर १८७९ ला जो शेतकऱ्यांच्या दिलाशाचा कायदा आला, तो पुणे, नगर, सोलापूर आणि आपल्या सातारा जिल्ह्याला लागू होता.

म्हणून तर वाटतं, या कारकुनांची माहिती हवी. साहेबानं लिहिलेलं त्यांच्याबद्दलचं मत आपल्याकडं आहे. त्यांनी स्वतः लिहिलेलं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं.

निवृत्त_मोजणीदार
@माणदेशी, तुमचा मुद्दा मातीचा आहे, तर मातीचंच सांगतो. मोजणी एका माणसाची आणि प्रतवारी दुसऱ्याची. प्रतवारीचा कारकून शेताचे चौकोन पाडायचा, प्रत्येक चौकोनात माती किती हात खोल ते बघायचा. काळी, पावणेदोन हात खोल, दोष नसलेली जमीन सोळा आणे. जसजशी खोली कमी तसतसे आणे कमी : १४, १२, १०, असं खाली. वर दोषांच्या खुणा : चुनखडी, वाळू, उतार, पाणी धरून ठेवणारी. ते सगळं प्रतिबुकात आजही आहे. मी स्वतः आटपाडी-दहिवडीकडची प्रतिबुकं बघितली आहेत. माळाच्या जमिनीला दोन-तीन आणे लिहिलेले आहेत, कुणी जास्त चढवलेले नाहीत. दर वरून ठरला, पण खड्डा खणून माती बघणारा माणूस बहुतेक वेळा खरं लिहून गेलाय. एका ठिकाणी 'मुरूम लागला' असं लिहिलंय, तिथंच आज बोअर मारताना मुरूम लागला, शेतमालक माझ्याकडं बघतच राहिला.

माणदेशी
हे मला ठाऊक नव्हतं अण्णा. आमच्या शेताचं प्रतिबुक कुठं मिळंल? बघायचंच आता.

निवृत्त_मोजणीदार
तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात. पण गट नंबर घेऊन जाऊ नका, जुना सर्व्हे नंबर घेऊन जा. १९४७ च्या कायद्यानं एकत्रीकरण झालं, गट पडले, आणि नंबर बदलले. गावाचं जुनं-नवं मेळाचं पत्रक असतं, त्यावरून आधी सर्व्हे नंबर काढा. मग टिपण, गुणाकार बुक, प्रतिबुक, आकारबंद यांच्या नकला मागा. 'आपले अभिलेख' संकेतस्थळावरही जुने कागद चढवले आहेत, तिथं आधी नजर टाका.

कोयनाताईंच्या मूळ प्रश्नासाठी : माझ्या हातून गेलेल्या कित्येक टिपण बुकांवर मोजणाराचं नाव आणि तारीख होती. म्हणजे शोध माणसापासून सुरू करू नका, गावांपासून करा. वहीत गावांची नावं असणार. त्या गावांची टिपणं काढा, अक्षर आपोआप बोलेल.

विदर्भवासी
थोडं विषयांतर. आमच्या हिंगणघाटला लॅम्ब्टनची कबर आहे. मोजणी करता करताच माणूस २० जानेवारी १८२३ ला तिथं गेला. लहानपणी आम्ही तिथं खेळायला जायचो, कुणाची ते माहीत नव्हतं. कॉलेजात गेल्यावर कळलं, की याच माणसाचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून आपटला होता आणि त्यानं तंबूत बसून तो दिवसेंदिवस ठाकूनठोकून सरळ केला.

रानवाट
अर्धा टन! आणि तो डोंगरावर चढवला कुणी?

विदर्भवासी
तेच. त्या माणसांच्या कबरी कुठंच नाहीत.

दप्तरवेडा
त्या माणसांसाठी भांडलेला एक जण मात्र नक्की माहीत आहे : राधानाथ सिकदार. 'शिखर १५', म्हणजे आजचं एव्हरेस्ट, हे जगातलं सर्वांत उंच, २९,००२ फूट, हे ज्याच्या गणितातून निघालं तो बंगाली गणिती. १८४३ मध्ये एका मॅजिस्ट्रेटनं सर्व्हेच्या हमालांना वेठीला धरलं, तेव्हा सिकदारांनी त्याला अडवलं. खटला झाला, सिकदारांना २०० रुपये दंड बसला. पुढं सर्व्हेचं जे मार्गदर्शक पुस्तक १८५१ ला निघालं त्यात त्यांच्या कामाचा ऋणनिर्देश होता, १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीतून तो गाळला गेला. तेव्हा सिकदार हयात नव्हते. दुसरा माणूस सय्यद मीर मोहसिन हुसेन, अर्काटचा. एव्हरेस्टची उपकरणं दुरुस्त करणारा, नवी घडवणारा. एवढं नाव राहिलं, कारण एव्हरेस्टनं स्वतः त्याची बाजू लावून धरली.

आपल्या मराठीशीही धागा जुळतो. मुंबईत १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसच्या देखरेखीखाली इंजिनिअरिंगची संस्था होती. देशी मुलांना सर्वेक्षणाचं गणित शिकवायचं म्हणून गणिताची पुस्तकं मराठीत आणली गेली. म्हणजे भूमिती, त्रिकोणमिती मराठीत आधी आली ती शेत मोजायला. जॉर्जचा भाऊ थॉमस जर्व्हिस तेव्हा दक्षिण कोकणात मोजणी करत होता.

हळदीची_पेठ
मग साहेबांची चरित्रं शोधायची तर कुठं? आमच्याकडच्या कागदांवर एका साहेबाची सही होती एवढं आठवतंय.

दप्तरवेडा
अधिकारी असेल तर काम सोपं. फिलिमोर हे स्वतः सर्वेक्षक. त्यांनी निवृत्तीनंतर सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नोंदी चाळून खंड काढले, त्यात १८४३ पर्यंतचा काळ आला आहे आणि प्रत्येक खंडाच्या शेवटी अधिकाऱ्यांची चरित्रं आहेत. देशी माणसांच्या नोंदीही त्यांनी दिल्या आहेत, पण त्रोटक. महसुली मोजणीसाठी मुंबई सरकारनं छापलेले तालुकावार बंदोबस्ताचे, म्हणजे सारा ठरवल्याचे, अहवाल पाहा, खाली सही करणारा अधिकारी म्हणजे तो साहेब. सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर १८८५ चं आहे, त्यात जमीनमहसुलाच्या प्रकरणात तालुक्यांची मोजणी कधी लागू झाली ते मिळतं. मूळ पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात. पेशवे दप्तर आणि जुन्या कागदांचे जमाव पुण्यात.

आणि सांगलीकरांनी एक गोष्ट आधी ठरवायची : तुमचं गाव तेव्हा कुणाचं होतं? तासगाव, वाळवा, खानापूर इंग्रजी सातारा जिल्ह्यात. आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींकडं. जत वेगळं संस्थान. सांगली पटवर्धनांची, मिरजेच्या थोरली-धाकटी अशा दोन पात्या. शेजारच्या दोन गावांचे कागद दोन सरकारांकडं. सांगली जिल्हा झाला तो १९४९ मध्ये, तोही 'दक्षिण सातारा' या नावानं, १९६० पासून सांगली म्हणायला लागले. संस्थानी गाव असेल तर इंग्रजी कागदांत वर्षभर शोधून काही हाती लागणार नाही. मी तसं एक वर्ष घालवलंय.

सातारी_कंदी
यावरून आठवलं. सातारा शहर रेखांश ७४ च्या काठावर बसलंय, त्यामुळं टोपोशीट, म्हणजे सर्व्हेचा छापील नकाशा, घ्यायला गेलं की दोन घ्यावी लागतात, ४७ जी/१४ आणि ४७ के/२. वडलांनी दोन्ही चिकटवून भिंतीवर लावलेत. मी सातवीत असताना पहिल्यांदा त्यावर आमची गल्ली शोधली होती.

मोडीप्रेमी
ताई, तेरा पानं वाचून झाली. अक्षर वळणदार आणि फार काटेकोर आहे. खाडाखोड केली तरी जुना आकडा दिसेल अशी एकच रेघ मारतात. नऊ गावांची नावं लागली, तुम्हाला निरोपातून पाठवतो. पण शेवटची पाच पानं वेगळी आहेत. तिथं तीन रकाने आहेत आणि हे मात्र खरेच रुपये-आणे-पै. प्रत्येक रकमेपुढं माणसाचं नाव, आडनाव नाही. नावापुढं 'साखळी', 'निशाण' किंवा 'शीव दाखविली' असं लिहिलंय.

निवृत्त_मोजणीदार
हे वाचून अंगावर काटा आला. साखळी दोघांनी धरायची. पुढचा ओढणारा, मागचा टोक दाबून धरणारा. निशाण म्हणजे समोर काठीला फडकं बांधून उभा राहणारा, त्याच्याकडं बघून रेघ धरायची. आणि 'शीव दाखविली' म्हणजे गावाची हद्द कुठून जाते ते चालून दाखवणारा. हा माणूस बहुतेक गावांत वतनदार महार असायचा. गावाची शीव त्याच्याइतकी कुणाला पाठ नसायची. शिवेच्या तंट्यात पाटलाआधी त्याचा शब्द बघितला जायचा. सर्व्हेचा दगड जिथं बसला तो त्यानं बोट दाखवलं म्हणून बसला. माझ्या नोकरीत हजारो हद्दी कायम केल्या, टिपणावर मोजणाराचं नाव बघितलं, शीव दाखवणाराचं कधी बघितलं नव्हतं. तुमच्या खापरपणजोबांनी ते लिहून ठेवलंय.

माणदेशी
ताई, मघाशी मी जे बोललो ते थोडं मागं घेतो. मोजणीबद्दलचं न्हाई, माणसांबद्दलचं. या पाच पानांची नीट छपाई व्हायला पायजे.

रानवाट
+१. आणि ती नावं इथं टाका ना, कुणाच्या तरी घरातली निघतील.

कोयनाकन्या
रानवाट, नावं इथं टाकत नाही. त्यातली दोन गावं आमच्या गावाला लागून आहेत आणि त्या घरांतली माणसं आजही तिथं राहतात. आधी त्यांच्या घरी जाऊन वही दाखवते, मग ते म्हणतील तसं.

मधल्या काळातली हकिकत सांगते. अण्णांनी सांगितल्याप्रमाणं नऊपैकी एका गावाची टिपणं मागायला एका कचेरीत गेले. पहिल्या दिवशी "असलं काही नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला सर्व्हे नंबर लिहून नेला, अर्ज दिला. तिसऱ्या खेपेला एक तरुण मुलगी होती टेबलावर, नुकतीच नोकरीला लागलेली. मी वहीचे फोटो दाखवले तशी उठलीच. तासाभरानं कापडात बांधलेलं बुक घेऊन आली. आम्ही दोघी उभ्याउभ्याच पानं उलटत होतो. सतरावा नंबर, विहिरीचं शेत. तेच वळण, खोडलेल्या आकड्यावर तशीच एक रेघ. खाली नाव आहे, अर्धं कसरीनं खाल्लंय, पण शेवटची चार अक्षरं आमच्या आडनावाची. वहीत त्याच शेताचा कच्चा आकार आहे. वहीत एका कोपऱ्याला ३ साखळ्या १४ आणे, बुकात ३ साखळ्या १३ आणे. म्हणजे घरी जाऊन, किंवा दुसऱ्या दिवशी परत त्या शेतात जाऊन, त्यांनी तो एक आणा दुरुस्त केला असणार.

निवृत्त_मोजणीदार
परत शेतातच गेले असणार. घरी बसून आणा दुरुस्त होत नाही. वरचा साहेब त्यातली काही शेतं स्वतः पुन्हा मोजायचा, फरक निघाला तर मोजणाराची नोकरी जायची.

मोडीप्रेमी
दोन फुटांसाठी परत शेतात. सलाम आहे.

कोयनाकन्या
अण्णा, एक शेवटचं विचारायचं राहिलं. ट्रंकेत वहीबरोबर एक पितळी वस्तू होती. डबीसारखी, आठ कडांची, वीतभरापेक्षा लहान. चारही बाजूंनी उभ्या बारीक फटी. आईनं ती कायम देवघरात ठेवली, फटींत उदबत्त्या खोचायची. फोटो टाकतेय. याचा काही संबंध?

निवृत्त_मोजणीदार
ताई, तो शंकू आहे.

रेघेवर उभं राहून समोरासमोरच्या दोन फटींतून निशाण बघायचं. मग तिथंच, शंकू न हलवता, आडव्या दोन फटींतून बघायचं. शेताचा कोपरा बरोबर फटीत आला तर तुम्ही काटकोनात उभे आहात. नाही आला तर रेघेवर पाऊलभर पुढं, पाऊलभर मागं. आला, की साखळीवरचा आणा वाचायचा आणि टिपणात लिहायचा. वहीतला प्रत्येक आकडा या फटीतून बघून आलाय. मी नोकरीत लाकडी शंकू वापरला, पितळी फक्त प्रशिक्षणात एकदा पाहिला. बुडाला गोल भोक आहे का बघा, काठीवर बसवायला.

कोयनाकन्या
आहे. आत उदबत्तीची राख भरलीय. आईला सांगितलं तर म्हणाली, "एवढी वर्षं पूजा झालीच की त्याची."

सातारी_कंदी
काकूंना नमस्कार सांगा!

माणदेशी
फटी अजून शिध्या असतील का हो अण्णा? दीडशे वर्षं झाली.

निवृत्त_मोजणीदार
मोजून बघितल्याशिवाय कसं सांगू. ताई, त्या सतराव्या नंबरात, विहिरीच्या शेतात जायची मालकाची परवानगी मिळेल का?

कोयनाकन्या
मिळाली. मालकांना वही दाखवली. त्यांच्या आजोबांनी विहीर बुजवली, पण बांध तसाच आहे म्हणाले. शीव दाखवणाऱ्यांच्या घरचे एक आजोबाही येतो म्हणालेत. रविवारी सकाळी आठला, ऊन चढायच्या आत. माणदेशी, हळदीची_पेठ, जवळ असाल तर तुम्हीही या. मी शंकू घासून-पुसून घेऊन येते.

निवृत्त_मोजणीदार
काठी मी आणतो.